पिग आयर्न मिळेना तेव्हा भट्टी कशी चालू ठेवली : माझा अनुभव

सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. लोखंड वितळवून साच्यात पंपाच्या बॉडी आणि ट्रॅक्टरचे ब्रॅकेट ओततो. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि बघता बघता पिग आयर्नचा, म्हणजे आम्ही वितळवतो त्या कच्च्या लोखंडाचा, दर सकाळी एक, संध्याकाळी दुसरा असा होऊ लागला. हे दोन्ही देश पिग आयर्नचे मोठे निर्यातदार. तिकडचा माल अडकला, परदेशी गिऱ्हाईक भारताकडे वळलं, त्यात पिग आयर्न बनवायला लागणारा कोकिंग कोळसाही महागला. आमच्या व्यापाऱ्याने उधारी बंद केली. त्याचंही चुकत नव्हतं, त्यालाही वरून रोखच मागत होते.

भट्टी बंद ठेवणं शक्य नव्हतं. हातचा मोल्डर (साचे करणारा कारागीर) एकदा दुसरीकडे गेला की परत येत नाही. म्हणून पिग आयर्न कमी करून स्टील स्क्रॅप वाढवलं. पिग आयर्नमध्ये कार्बन ४ टक्क्यांच्या आसपास, स्टीलमध्ये नावापुरता, आणि आमच्या कास्टिंगला (ओतीव भागाला) लागतो साधारण ३.३ टक्के. ही तूट कार्बरायझरने, म्हणजे कार्बन वाढवणाऱ्या मालाने, भरायची. ते स्वस्तातलं घेऊ नका, गंधक आणि नायट्रोजन सोबत येतो. स्क्रॅपबरोबर तळाशीच टाका; वितळलेल्या मेटलवर वरून टाकलं तर बरंचसं स्लॅगमध्ये (वर तरंगणाऱ्या मळीत) जातं. फेरो सिलिकॉन (लोखंड आणि सिलिकॉनचा मिश्रधातू) त्यानंतर.

खरी कसोटी पुढे होती. स्टील वाढलं की पातळ कडा चिल होतात, म्हणजे आतून पांढऱ्या आणि फार कडक बनतात, आणि मशीनशॉपमध्ये टूल तुटतात. म्हणून भट्टीच्या प्रत्येक हीटला (एका वेळी वितळवलेल्या मालाला) ओतण्याआधी वेज टेस्ट. पाचरीसारखा तुकडा ओतायचा, गार करायचा, हातोड्याने मोडायचा. टोकाला पांढरी पट्टी दिसते, मागे राखाडी. "मालक, पांढरं वाढलंय, थांबा जरा," म्हणत आमचे मेल्टर मामा लॅडल (ओतायचं भांडं) अडवायचे, इनोक्युलंट (चिल कमी करणारा माल) वाढवायचे आणि पुन्हा वेज मोडायचे. डिस्पॅचची गाडी दारात उभी असली तरी मी त्यांना कधी घाई केली नाही.

गिऱ्हाइकांसमोर खरेदीची बिलंच ठेवली. दर लगेच वाढवता येत नसेल तर निदान पेमेंट लवकर द्या, एवढं मागितलं. छोट्यांनी लगेच मानलं. एका मोठ्या कंपनीने तिमाही संपेपर्यंत लटकवलं, तिचा माल आम्ही तेवढ्यापुरता कमी केला.

२२ मेपासून केंद्राने पिग आयर्नच्या निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावलं आणि दर उतरू लागले. नोव्हेंबरात ते शुल्क काढलंही. तोवर आमचा चार्ज, म्हणजे भट्टीत टाकायच्या मालाचं प्रमाण, बसला होता. आता पातळ ब्रॅकेटला पिग आयर्न जास्त घेतो, जाड बॉडी मात्र अजून स्टील चार्जवरच ओततो.