होल्बाइनची रेखाटनं: जेन सीमोर झाली, आता लेडी गिल्डफर्ड

इंग्लंडचा सोळाव्या शतकातला राजा आठवा हेन्री याच्या दरबारातल्या स्त्रियांची जर्मन चित्रकार हान्स होल्बाइनने केलेली रेखाटनं नकलून काढतोय. राणी जेन सीमोर पूर्ण झाली. आता बोर्डावर मेरी, लेडी गिल्डफर्ड आहे.

जेनसाठी कागदाला आधी फिकट गुलाबी रंगाचा हात दिला. १५३२ मध्ये होल्बाइन दुसऱ्यांदा इंग्लंडला आला, त्यानंतरची त्याची बरीचशी रेखाटनं अशाच कागदावर आहेत. याचा फायदा काम करतानाच कळतो. त्वचेचा रंग कागदच पुरवतो. गालावर गेरूच्या जातीचा लाल खडू जेमतेम टेकवला तरी पुरतो. पापणीची कड आणि दोन ओठांमधली रेघ तेवढी शाईने पक्की केली. बोटाने चोळणं शक्यतो टाळा, चेहरा लगेच मेणचट दिसू लागतो.

लेडी गिल्डफर्ड आधीची, १५२७ ची, म्हणजे पहिल्या फेरीतली. तेव्हा तो कागद रंगवत नसे, म्हणून मीही साधाच घेतला. तिचा नवरा सर हेन्री राजवाड्याच्या खर्चाचा हिशेब बघणारा बडा अधिकारी. दोघांची जोडचित्रं होल्बाइनने रंगवली. तिचं रेखाटन स्वित्झर्लंडमध्ये बासेलला आहे आणि तैलचित्र अमेरिकेत सेंट लुईसला. दोन्ही शेजारी ठेवून बघाच! तैलचित्रात छातीवर सोनसाखळ्या, हातात धार्मिक पुस्तक आणि चेहरा करारी. रेखाटनात तीच बाई तिरक्या नजरेने कुणाकडे तरी बघतेय आणि हसू ओठांवर येऊन थांबलंय. मला वाटतं, भिंतीवर टांगायच्या चित्रात घराण्याचा दबदबा दिसायला हवा होता, म्हणून ते हसू गाळलं गेलं. बाई कशी होती हे रेखाटनातच कळतं, आणि म्हणूनच मी तैलचित्रांच्या नादी लागत नाही.

सगळी मदार ओठांच्या कोपऱ्यावर आहे. तो केसभर वर गेला की बाई खुदकन हसते, खाली आला की थेट सेंट लुईसची होते. खालच्या पापणीला किंचित फुगवटा दिला तरच डोळेही हसतात. शिरोवस्त्राची त्रिकोणी चौकट आणि जबड्याची रेघ बसली आहे. ओठांसाठी खडूला धारदार टोक काढून ठेवलंय. ते काम दिवसाच्या उजेडातच करणार. त्या चौकटीमागच्या काळ्या मखमलीसाठी कोणी कोळसा आणि काळा खडू एकत्र वापरला असेल, तर आधी काय लावलंत ते जरूर सांगा.