गळती पॅकिंगमुळे नव्हतीच

माझ्या जुन्या पेट्रोल गाडीच्या टॅपेट कव्हरचे, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाचे, पॅकिंग वर्षभरात दोनदा बदलूनही इंजिनावर तेल ओघळायचे थांबत नव्हते. दुसरे पॅकिंगही दोन-तीन महिन्यांतच पाझरू लागले, तेव्हा दोष पॅकिंगचा नसून आतूनच कसला तरी दाब त्यावर येत असावा, अशी शंका मला आली. त्याच सुमारास दूरवर गाडी चालवून आल्यावर डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची पट्टी, बोटभर वर सरकलेली दिसे आणि ती सैल झाली असेल, असे समजून मी ती पुन्हा दाबून बसवत असे. डिपस्टिक तक्रार करत होती आणि मी तिचेच तोंड दाबत होतो.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळालेल्या वायूचा थोडा अंश त्यांना चुकवून खाली चेंबरमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या ऑइलच्या पोकळीत, उतरतोच. त्यात न जळलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ असते. एके काळी हा वायू उघड्या नळीने सरळ रस्त्यावर सोडला जाई. आता पीसीव्ही व्हॉल्व्ह या लहानशा झडपेमार्गे तो इंटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, ओढून पुन्हा जाळला जातो. व्हॉल्व्हमध्ये एक लहानशी दांडी आणि स्प्रिंग एवढेच असते. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसते चालू असताना, मॅनिफोल्डमधील व्हॅक्यूम (हवेची ओढ) खूप जास्त असल्याने दांडी ओढली जाऊन वाट अरुंद होते. गाडीवर भार आला की व्हॅक्यूम घटतो, स्प्रिंग दांडीला मागे रेटते आणि वाट रुंदावते. भाराखाली खाली उतरणारा वायूही वाढतो, त्यामुळे हा हिशेब बरोबर जुळतो. ही वाट तुंबली की वायू मिळेल त्या फटीतून बाहेर पडू पाहतो, आणि त्याच्यासोबत तेलही येते.

पहिली तपासणी अगदी साधी होती. इंजिन आयडलिंगला ठेवून मी ऑइल भरण्याचे झाकण काढले आणि त्या तोंडावर कागदाचा तुकडा ठेवला. तो हलकेच आत ओढला जायला हवा होता. प्रत्यक्षात तो फडफडत उडाला. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळसर, सायीसारखा थर होता. मग इंजिन बंद करून मी व्हॉल्व्ह काढला आणि कानाशी धरून हलवला. आतली दांडी खडखडली. खडखडतो तो व्हॉल्व्ह चांगला, असे सगळेच सांगतात, म्हणून तो कार्ब्युरेटर क्लीनरने काळे पाणी निघेपर्यंत धुतला आणि परत बसवला. कागद पुन्हा उडालाच.

रिंगा झिजल्या असतील, ही भीती आता खरी वाटू लागली होती. मात्र तिथवर जाण्याआधी, जी चाचणी खरे तर सर्वांत आधी करायला हवी होती, ती मी केली : व्हॉल्व्ह नळीला तसाच जोडून ठेवून फक्त कव्हरमधून उपसला, इंजिन सुरू केले आणि त्याच्या तोंडावर बोट धरले. बोट ठळकपणे ओढले जायला हवे होते, पण ओढ जाणवली न जाणवली इतकीच होती. म्हणजे दोष व्हॉल्व्हच्या पलीकडे, नळीत होता. ती काढून फुंकली तर हवा आरपार जात होती, आणि याच गोष्टीने मला काही काळ चकवले. शेवटी ब्लेडने ती उभी चिरली. बाहेरून धड दिसणाऱ्या त्या नळीचा आतला थर तेलाने फुगून एका बाजूने सुटला होता आणि जिभेसारखा लोंबत होता. फुंकले की ती जीभ बाजूला सरे. मॅनिफोल्डने ओढले की आडवी येऊन वाट बंद करी.

नवी नळी तेलाला आणि व्हॅक्यूमला टिकणारीच घेतली, कारण पाण्याची साधी रबरी नळी इथे लवकरच फुगून चपटी होते. व्हॉल्व्हही नवाच आणला, आणि तो या इंजिनाच्याच क्रमांकाचा पाहून घेतला. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन व्हॉल्व्हची स्प्रिंग वेगळी असू शकते. जुना धुऊन वापरण्यात मला काटकसर दिसत नाही.

खरी फजिती व्हॉल्व्हभोवतीच्या रबरी ग्रॉमेटने, म्हणजे व्हॉल्व्ह कव्हरच्या भोकात घट्ट बसवणाऱ्या कडीने, केली. उष्णतेने ते इतके कडक झाले होते की स्क्रू ड्रायव्हरने उचकताच त्याचा कपचा उडून कव्हरच्या आत पडला. सुदैवाने भोकाखालच्या पत्र्यावर तो अडकला होता. वाकवलेल्या तारेच्या टोकाला ग्रीस लावून त्याला चिकटवून बाहेर काढण्यात जवळजवळ एक तास गेला, आणि तुकडे जुळवून ग्रॉमेट पूर्ण झाल्याची खात्री केल्याशिवाय मी पुढे सरकलो नाही. नवे ग्रॉमेट तेलाचे बोट लावून बसवले. एअर फिल्टरकडून येणारी ब्रीदर नळी आतून पुसून घेतली. जुन्या ऑइलला पेट्रोलचा वास येत होता, म्हणून तेही फिल्टरसह बदलले.

इंजिन सुरू केल्यावर आयडलिंग काही मिनिटे थोडे वर राहिले आणि मग स्थिरावले. कागद या वेळी तोंडाला चिकटून बसला. रिंगांचा प्रश्न तिथेच मिटला. कव्हरची कड स्वच्छ पुसून पुढच्या ऑइल बदलापर्यंत मी तिच्यावर लक्ष ठेवले, ती कोरडीच राहिली. तिसरे पॅकिंग मी आधीच आणून ठेवले होते; ते अजून डिकीत न फोडलेल्या पाकिटात पडून आहे.