सांचीच्या कठड्यावरची नावं

सांची दोन तासात उरकते, असं सांगणाऱ्या सगळ्या टूरवाल्यांवर माझा राग आहे. आमच्या कागदावर सरळ लिहिलं होतं, "सांची स्तूप, दीड तास, नंतर भोपाळला परत, बडा तालाब." म्हणजे दोन हजार वर्षांहून जुन्या जागेला दीड तास आणि तलावाकाठी भेळ खायला अख्खी संध्याकाळ. उज्जैन-ओंकारेश्वर-महेश्वर झालं होतं, दर्शनं छान झाली, गर्दी भयंकर होती, पोहे-जलेबी रोज झाली, त्यावर आणखी लिहित नाही कारण ते सगळेच लिहितात. मला सांचीबद्दल लिहायचंय.

आम्ही चौघं होतो, मी, नवरा, सासूबाई आणि सासरे. भोपाळहून साधारण पन्नासेक किलोमीटर, रस्ता चांगला आहे. वाटेत कर्कवृत्त रस्त्याला छेदतं तिथे रस्त्यावर खूण केलीय आणि फलक आहे, प्रत्येक गाडी थांबते, एक पाय इकडे एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतात, आम्हीपण काढले. डिसेंबरातलं कोवळं ऊन, दोन्ही बाजूला गव्हाची शेतं, आणि मग एकदम शेतातून वर आलेली छोटी टेकडी आणि तिच्या माथ्यावर तो घुमट. दोनशेच्या नोटेवर आपण रोज बघतो तोच, पण नोटेवर त्याच्या आकाराचा काही अंदाजच येत नाही. व्यास ३६ मीटरच्या वर, उंची साधारण १६ मीटर. जवळ गेल्यावर मान वर करून बघावं लागतं.

वर आम्ही गाईड घेतला. माणूस बोलायला गोड होता, पण घाई इतकी की विचारू नका. सम्राट अशोकाने बांधला, चार तोरणं (म्हणजे कोरीव दगडी कमानी) आहेत, इथे उभे राहा मॅडम, इथून फोटो चांगला येतो, हा हत्ती बघा, ही शालभंजिका (झाडाची फांदी धरलेली बाई) बघा, चला आता संग्रहालय. वीस मिनिटात प्रदक्षिणा संपली. अशोकाने बांधला हे खरंच आहे, पण त्याचा स्तूप विटांचा होता आणि आत्ताच्या निम्म्याच आकाराचा. ख्रिस्तपूर्व तिसरं शतक. आज आपल्याला दिसतो तो दगडी घुमट, भोवतीचा कठडा, वरची छत्री हे सगळं नंतर शुंग राजांच्या काळात झालं आणि तोरणं त्याच्याही नंतरची, सातवाहनांच्या वेळची, ख्रिस्तपूर्व पहिलं शतक. म्हणजे दोनशेएक वर्षं हे काम चालू होतं. एका राजाच्या नावावर ते टाकून मोकळं होणं मला पटत नाही.

तोरणांबद्दल एक सांगायलाच हवं. त्यांच्यावर बुद्धाची कथा भरभरून कोरलीय पण बुद्ध स्वतः कुठेच माणसाच्या रूपात नाही. कुठे बोधिवृक्ष, कुठे चक्र, कुठे पावलं. पूर्वेच्या तोरणावर मधल्या आडव्या पट्टीवर सिद्धार्थ घर सोडून निघालाय तो प्रसंग आहे. घोडा एकाच पट्टीवर पुन्हापुन्हा कोरलाय, पाठीवर कोणी नाही, नुसती छत्री धरलेली, आणि शेवटी घोडा परत फिरतो तेव्हा छत्रीही नाही. मी तिथे किती वेळ उभी होते मला माहीत नाही. गाईड लांबून हात करत होता.

मग मी त्याला पैसे देऊन मोकळं केलं आणि म्हणलं आम्ही आमचं बघतो. मागे पुण्यात मी ब्राह्मीचा, म्हणजे अशोकाच्या काळातल्या लिपीचा, वीकेंड वर्ग केला होता, हौस म्हणून. फार येत नाही, अक्षरं लावून लावून वाचते. पण सांचीला एक गोष्ट मला बघायचीच होती, भोवतीच्या कठड्यावरचे लेख.

हा कठडा सगळे ओलांडून जातात कारण तो साधा आहे. तोरणांवर एक इंच जागा मोकळी नाही आणि कठड्यावर काही म्हणजे काही नक्षी नाही. माणसाच्या दीडपट उंच जाडजूड खांब, त्यांच्यात आडव्या दगडी पट्ट्या, म्हणजे सूची, बसवलेल्या, वर गोलसर माथ्याचा दगड, म्हणजे उष्णीष. सुतार लाकडात खाच पाडून सांधा बसवतो तसेच सांधे दगडात केलेत. आणि त्या खांबांवर, सूचींवर, खालच्या फरसबंदीवरसुद्धा, बारीक अक्षरात एखाद-दोन ओळी. सांचीच्या टेकडीवर असे ८०० च्या आसपास लेख मिळालेत आणि त्यातले बहुतेक दानलेख आहेत. अमक्याचं दान. तमकीचं दान. बास, एवढंच.

मी एका खांबाशी वाकले. ऊन तिरपं होतं म्हणून बरं, खाचेत सावली पडत होती आणि अक्षरं उठून दिसत होती. शेवटून वाचायला सुरुवात केली कारण शेवट ठरलेला असतो. आडव्या रेघेवर टेकलेली उभी रेघ म्हणजे न, त्याच्या बाजूला टिंब म्हणजे अनुस्वार, त्याच्या आधी दा. दानं. त्याच्या आधीची अक्षरं बोट न लावता, हवेतच बोट फिरवत लावत गेले. भि. खु. नि. या. भिखुनिया दानं. भिक्षुणीचं दान. तिचं नाव त्याच्याही आधी होतं पण दगड तिथे झिजलाय, पहिलं अक्षर लागेना.

मागे सासूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्यांना वाटलं होतं मी चक्कर येऊन वाकलेय.

"काय गं, काय लिहिलंय?"

"आई, एका भिक्षुणीने दान दिलंय, हा खांब. तिचं नाव आहे."

"बाईने दिलंय?"

"हो. खूप बायकांची आहेत अशी."

त्या जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आपल्या देवळातल्या फरशीसारखंच की. आमच्या गावी विठ्ठलाच्या देवळात माझ्या आईच्या नावाची फरशी आहे. मीच बसवली, भिशीच्या पैशातून. तुझ्या सासऱ्यांना पण नाही सांगितलं तेव्हा."

लग्नाला इतकी वर्षं झाली पण हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. सासरेपण पहिल्यांदाच ऐकत होते, ते मागेच उभे होते. काही बोलले नाहीत, फक्त "बस जरा, गुडघा दुखेल" म्हणाले आणि पाण्याची बाटली पुढे केली.

त्यानंतर आमची प्रदक्षिणा वेगळीच झाली. सासूबाई प्रत्येक खांबापाशी थांबायच्या, "हे कोणाचं?" मला चारातलं एक जेमतेम लागायचं. पण जेवढं लागलं तेवढ्याने आम्ही दोघी हरखून गेलो. एका ठिकाणी उजेनि हे अक्षर न अक्षर लागलं, म्हणजे उज्जैन! आम्ही त्याच उज्जैनहून आलो होतो, एसी गाडीत, आणि तिथली माणसं इथवर दान द्यायची तेव्हा ना रस्ता ना गाडी. उज्जैनकरांची दानं इथे खूप आहेत, शेजारच्या विदिशाची तर आहेतच. देणारे कोण, तर व्यापारी, लेखनिक, विणकर, घोडेस्वार, गृहिणी, कोणाची आई, कोणाची सून. अख्ख्या गावाने मिळून दिलेलं दान आहे. आणि भिक्खू-भिक्षुणी तर शेकड्याने आहेत, ज्यांच्याकडे चीवर (अंगावरचं वस्त्र) आणि भिक्षापात्र सोडून स्वतःचं म्हणून फारसं काही नसायचं. कोणी अख्खा खांब दिला, कोणी एक सूची, कोणी एक फरशी. राजाने हुकूम सोडून एका झटक्यात उभं केलेलं हे काम नाही, लोकांनी आपापल्या ऐपतीने जोडत जोडत नेलेलं आहे, आणि ज्याने त्याने आपलं नाव घालून ठेवलंय.

आणि या नावांचे उपकार आपल्या सगळ्यांवर आहेत. ब्राह्मी लिपी वाचायची कशी हे विसरायला होऊन शेकडो वर्षं झाली होती. अशोकाचे लेख खांबांवर, कातळांवर होते पण कोणालाच वाचता येत नव्हते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाकडे सांचीच्या या छोट्या लेखांच्या नकला आल्या. त्याच्या लक्षात आलं की सगळे लेख वेगवेगळे, पण शेवटची दोन अक्षरं तीच ती. देवस्थानात लोक काय लिहितात याचा विचार करून त्याने ओळखलं की हे दान असणार. तिथून कुलूप उघडलं आणि मग अशोक वाचता आला. उज्जैनच्या, विदिशाच्या त्या बायाबापड्यांनी खांब-फरशा दिल्या नसत्या तर सम्राट आणखी किती वर्षं मुका राहिला असता कोण जाणे. हे कुठलाच गाईड का सांगत नाही?

दक्षिणेकडचं तोरण मराठी माणसाने जरा निवांत बघावं. सगळ्यात वरच्या पट्टीवर लेख आहे, राजा सिरी सातकणीच्या कारागिरांचा मुख्य, वासिठीचा मुलगा आनंद, याचं दान. सातकणी म्हणजे आपले सातवाहन, पैठणचे. खालून अक्षरं वाचता येत नाहीत, खूप उंच आहेत, पण तिथे आहेत हे माहीत असलं तरी अंगावर काटा येतो. नाव राजाचं येतं ते फक्त ओळख सांगायला, देणारा आनंद आहे. त्याच तोरणाच्या एका खांबावर लिहिलंय की हे कोरीवकाम विदिशाच्या दंतकारांनी केलं. हस्तिदंतावर काम करणारे हात दगडावर चालले, म्हणून ती बारीक नक्षी, दागिन्यांचे मणीसुद्धा मोजता येतील अशी.

या तोरणाशेजारीच अशोकाचा स्तंभ आहे, म्हणजे त्याचा बुंधा. संघात फूट पाडणाऱ्या भिक्खू-भिक्षुणींना पांढरी वस्त्रं घालून बाहेर काढा, असा हुकूम त्यावर आहे. स्तंभ मोडला कसा, तर कुण्या जमीनदाराने उसाच्या चरकासाठी तोडला म्हणे. सासरे आमचे शेतकरी घरातले, ते एवढंच म्हणाले, "चरकाला दगड काय दुसरा मिळत नव्हता?" त्या स्तंभावरचे चार सिंह खाली संग्रहालयात आहेत, तेवढ्यासाठी तरी संग्रहालय बघाच.

मोडतोड करणारे तेवढेच नाहीत. १८१८ साली जनरल टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने ही जागा पाहिली तेव्हा मोठा स्तूप बराचसा शाबूत होता, तीन तोरणं उभी होती. चारच वर्षांत कॅप्टन जॉन्सन नावाच्या अधिकाऱ्याने खजिना मिळेल म्हणून मोठ्या स्तूपाला एका बाजूने वरपासून खालपर्यंत उभा चिरला. आत काही निघालं नाही. भगदाड तसंच सोडून दिलं, पावसाळे आत शिरत राहिले आणि पश्चिमेचं तोरण कठड्यासकट कोसळलं. इथल्या जुन्या लेखांत एक शाप आहे, जो कोणी काकणावचे (सांचीचं जुनं नाव) दगड काढून नेईल त्याला आई-बापाला मारल्याचं पाप लागेल. तो वाचता येत असता तरी जॉन्सन थांबला असता असं मला वाटत नाही.

पुढे फ्रेंचांना पूर्वेचं तोरण पॅरिसला न्यायचं होतं, इंग्रजांचाही डोळा होता. भोपाळच्या शाहजहाँ बेगमच्या काळात प्लॅस्टरच्या नकला करून दिल्या गेल्या आणि खरं तोरण जागेवर राहिलं. तिच्यानंतर सुलतान जहाँ बेगमने डागडुजीला आणि संग्रहालयाला पैसा दिला. १९१२ ते १९१९ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या जॉन मार्शलने सगळं सावरलं, पडलेलं पुन्हा उभं केलं. दोन मुसलमान राण्या आणि बौद्ध स्तूप, ही गोष्ट शाळेत आम्हाला कोणी शिकवली नाही. शिकवायला हवी.

एवढं सगळं बघेपर्यंत ड्रायव्हरचे दोन फोन येऊन गेले होते, टूरच्या ऑफिसातून एक. नवऱ्याने शांतपणे सांगितलं की तलाव राहू द्या. विदिशाजवळची उदयगिरीची लेणी पण राहिली, ते मात्र मनाला लागलंय.

शेवटी तीन नंबरच्या स्तूपाकडे गेलो. छोटा आहे, एकच तोरण. १८५१ साली कनिंगहॅम आणि मेसी या इंग्रज अधिकाऱ्यांनी तो उघडला तेव्हा आत दगडाच्या दोन पेट्या मिळाल्या, एकीच्या झाकणावर सारिपुतस, दुसरीच्या महामोगलानस. बुद्धाचे दोन पट्टशिष्य, सारिपुत्त आणि मोग्गलान, यांच्या अस्थी. त्या गेल्या लंडनला, तिथल्या संग्रहालयात कित्येक वर्षं राहिल्या. देश स्वतंत्र होता होता त्या परत मिळाल्या, आधी श्रीलंकेत गेल्या, आणि १९५२ साली सांचीला नव्या बांधलेल्या विहारात ठेवल्या, नेहरू आले होते. हा विहार टेकडीवरच आहे. एरवी अस्थी कुलूपबंद असतात, नोव्हेंबरच्या शेवटी उत्सव असतो तेव्हा दर्शनाला बाहेर काढतात.

आम्ही गेलो तेव्हा डिसेंबर होता, म्हणजे थोडक्यात हुकलं. सासूबाईंनी विहाराच्या पायरीवर बसून बिस्किटं खाता खाता ठरवूनच टाकलंय की पुढच्या नोव्हेंबरात परत यायचं, टूरबिर काही नको, ट्रेनने. सांचीला स्टेशन आहे पण मोठ्या गाड्या विदिशाला थांबतात आणि तिथून सांची नऊ-दहा किलोमीटर, रिक्षा मिळतात. त्यांनी मला ब्राह्मीचा तक्ता मोठ्या अक्षरात प्रिंट करून मागितलाय, चष्म्याशिवाय दिसेल एवढा. द आणि न त्यांना आत्ताच ओळखता येतात.