लोअर आर्मचे बुश आणि शेवटचा पाना

मागच्या वेळी मी गाडीच्या लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे त्याच्या सांध्यातले रबरी तुकडे, बदलले, तेव्हा गाडी स्टँडवर उचललेली आणि चाकांचा भाग खाली लोंबत असतानाच सगळे बोल्ट पूर्ण जोर लावून आवळले होते. काही महिन्यांतच गतिरोधकावरून उतरताना तोच बोथट 'धप्प' आवाज पुन्हा येऊ लागला. आर्म काढून पाहिला, तर नव्या बुशचे रबर आतल्या नळीपासून जवळजवळ अर्ध्या घेरात सुटले होते. माल हलका निघाला असे आधी वाटले, पण दोन्ही बाजूंचे बुश एकाच दिशेने पिळवटून फाटलेले दिसल्यावर चूक माझ्या आवळण्यात होती हे उमगले. या महिन्यात तेच काम पुन्हा केले आणि ते कसे केले हे नीट लिहून ठेवावेसे वाटले.

बुश म्हणजे बिजागरी नव्हे, ही गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. रबरी बुशमध्ये एकात एक अशा दोन पोलादी नळ्या असतात आणि त्यांच्या मधले रबर दोन्ही नळ्यांना पक्के चिकटलेले असते. बाहेरची नळी आर्ममध्ये दाबून बसवलेली असते, तर बोल्ट आवळला की आतली नळी सबफ्रेमच्या (आर्म ज्याला जोडलेला असतो त्या गाडीखालच्या चौकटीच्या) दोन पत्र्यांमध्ये घट्ट धरली जाते. आर्म वरखाली होतो तेव्हा कुठलाच भाग दुसऱ्यावर घसरत नाही; फक्त रबर पिळले जाते आणि पुन्हा मूळ स्थितीत येते. म्हणजेच बोल्ट आवळताना आर्म ज्या कोनात असेल, तोच कोन रबराच्या दृष्टीने विश्रांतीचा ठरतो. चाक लोंबत असताना आवळले, तर गाडी जमिनीवर उभी असतानाही रबर सतत पिळलेले राहते आणि प्रत्येक खड्ड्यात त्या पिळात आणखी भर पडते.

बुश खरोखर गेला आहे का, हे आधी पाहिले पाहिजे. पृष्ठभागावरच्या बारीक भेगा वयाने येतातच, तेवढ्यावरून निर्णय घेऊ नये. मी आर्म आणि सबफ्रेम यांच्या मध्ये लहान पहार घालून हलका जोर दिला, तेव्हा मागच्या बुशच्या भेगेने चक्क तोंड उघडले आणि आत रबराची काळी भुकटी दिसली. ब्रेक दाबताच स्टेअरिंग एका बाजूला ओढणे, टायर एकाच कडेने झिजणे, ही लक्षणेही जोडीला होती. काही गाड्यांच्या बुशमध्ये द्रव भरलेला असतो. तिथे आर्मवर ओघळलेला तेलकट डाग पुरेसा बोलका असतो.

चाक काढण्यापूर्वी, गाडी सपाट जमिनीवर उभी असताना, चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मी मोजून लिहून ठेवले. ते ३७.५ सेंटिमीटर भरले, आणि पुढे सारे काम याच आकड्यावर अवलंबून होते. मग मागच्या चाकांना अडणी लावून गाडी स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही, क्षणभरही जाऊ नये. माझ्या गाडीत स्प्रिंग स्ट्रटवर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर असलेल्या उभ्या खांबावर) असते, त्यामुळे आर्म सोडणे सोपे आहे. पण ज्या गाडीत स्प्रिंग थेट लोअर आर्मवर टेकलेली असते, तिथे आर्म सुटताच ती प्रचंड जोराने उसळू शकते, म्हणून स्प्रिंग आवळण्याचे योग्य साधन आणि अनुभव नसेल तर ते काम घरी करू नये.

जुना बुश काढण्याआधी त्याची दिशा आर्मवर रंगाने खुणावून ठेवावी, हे विसरू नये. मागच्या बुशच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात. त्या पुढे-मागे आणि आडव्या दिशेला वेगवेगळा लवचीकपणा देतात, आणि बुश फिरवून बसवला तर गाडीची चाल बदलते. माझ्याकडे प्रेस (बुश दाबून काढण्या-बसवण्याचे यंत्र) नाही. जाड आट्यांचा दांडा, दोन नट, जाड वॉशर, बाहेरच्या नळीला टेकेल असे एक सॉकेट आणि पलीकडे बुश आत मावेल एवढा नळीचा तुकडा, एवढ्यावर काम भागले. एक बुश गंजामुळे हलेना. तेव्हा मधले रबर भोके पाडून काढले, हॅक्सॉचे पाते आत घालून बाहेरच्या नळीला एकाच जागी चीर दिली आणि छिन्नीने ती आत दुमडली. आर्मच्या धातूला ओरखडा पडू नये म्हणून या दहा मिनिटांत मी दर चार-पाच घासांनंतर थांबून पाहत होते. रबर जाळून काढण्याचा मार्ग मात्र टाळावा. त्याचा धूर विषारी असतो.

नवे बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले होते. ४५ मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी ४० अंशांनी थंड झाली तर जेमतेम ०.०२ मिलिमीटर आकसते, म्हणून यातून चमत्काराची अपेक्षा नको. आर्मचे भोक घासून स्वच्छ करणे आणि बुश सरळ रेषेत दाबणे याचा उपयोग अधिक होतो. वंगण म्हणून साबणाचे पाणी वापरले, कारण खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगते. जोर फक्त बाहेरच्या नळीवर द्यायचा. आतल्या नळीवर दिला तर रबर पहिल्याच दिवशी उखडते.

आर्म जागेवर चढवून बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) नव्या नटने आवळला, पण बुशचे बोल्ट हाताने टेकवण्यापुरतेच ठेवले. मग गाडी स्टँडवरच ठेवून बॉल जॉइंटच्या जवळ आर्मखाली जॅक लावला आणि हबच्या (चाक ज्यावर बसते त्या भागाच्या) केंद्रापासून मडगार्डपर्यंतचे अंतर पुन्हा ३७.५ सेंटिमीटर होईपर्यंत सावकाश वर नेला. स्टँडवरून गाडी उचलली जात नाही ना, यावर सतत लक्ष ठेवले. त्या स्थितीत टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराइतकेच आवळता येणाऱ्या पान्याने), गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने, बोल्ट आवळले. जे बोल्ट एकदाच वापरायचे असतात ते नवे घेतले होते. दुसऱ्या बाजूलाही हाच क्रम पाळला. एक बुश नवा आणि एक जुना ठेवला तर दोन चाके ब्रेकखाली सारखी वागत नाहीत.

आर्म सोडल्यावर चाकांचे कोन थोडेफार हलतातच, त्यामुळे दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट करून घेतले. आवळून झाल्यावर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून सबफ्रेमपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली होती. १०० किलोमीटर चालवून पुन्हा गाडीखाली शिरले, तेव्हा चारही रेघा अखंड होत्या आणि आर्मचा कोन रबरात कुठेही पीळ दाखवत नव्हता.