टू बीएचके, वाकड, पाणी कुठलं?

पुण्याजवळच्या वाकडमधल्या, घरं विकणाऱ्या एका एजन्सीला घरं शोधायची 'पोर्टलसारखी' साइट हवी होती, आणि ती डिझाइन करायचं काम माझ्याकडे आलं. मालकांनी स्वतःच्या हाताने यादी लिहून दिली होती: क्लब हाऊस, जिम, स्विमिंग पूल, व्हिडिओ डोअर फोन, प्रत्येकाचा वेगळा फिल्टर. मी म्हटलं, डिझाइनला हात लावण्याआधी एक शनिवार तुमच्या ऑफिसात नुसती बसते. तोंड वाकडं करून का होईना, हो म्हणाले.

फोनवर बसणारी ताई बोलण्यात एकदम तरबेज. सकाळपासून येणाऱ्या बहुतेक फोनांचा पहिला प्रश्न तोच: "तो फोटोतला फ्लॅट आहे का अजून?" तिचं उत्तरही ठरलेलं: "तो लागला, म्हणजे विकला गेला, पण तसाच दुसरा आहे, दाखवू का?" मालकांना यात काही वावगं वाटत नव्हतं. "मॅडम, लागलेले फ्लॅट काढून टाकले तर फोन कुठून येणार?" मी शेजारीच बसले होते. 'लागला' म्हटल्यावर पलीकडचा आवाज कसा पडतो ते ऐकू येत होतं. त्यानंतर ताई कितीही गोड बोलली तरी माणूस "बघतो, कळवतो" वर यायचा.

त्यानंतरचा प्रश्न बजेटचा. एकाने 80 लाख सांगितले. ताईने लगेच विचारलं, "80 मध्ये सगळं, की ॲग्रीमेंटचे 80?" हा एक प्रश्न कुठल्याच फिल्टरमध्ये मी पाहिला नव्हता. पुणे-पिंपरीत स्टॅम्प ड्यूटी 7 टक्के, म्हणजे 80 लाखांवर 5 लाख 60 हजार, वर नोंदणीचे 30 हजार. बांधकाम चालू असेल तर 5 टक्के जीएसटी, आणखी 4 लाख. तोच 80 लाखांचा फ्लॅट चालू बांधकामात 89 लाख 90 हजारांना पडतो आणि पूर्णत्वाचा दाखला मिळालेला असेल तर 85 लाख 90 हजारांना. फक्त बाईच्या नावावर घेतला तर ड्यूटी एक टक्क्याने कमी, तेवढेच 80 हजार वाचतात. हे सगळं ताई कॅल्क्युलेटरवर बडवून तोंडी सांगायची. साइटवरच्या किमतीच्या पट्टीला मात्र यातलं काहीच माहीत नसतं, आणि 81 लाखांचा चांगला फ्लॅट 80ची मर्यादा टाकणाऱ्याला दिसतही नाही.

दुपारी एक जोडपं आलं. नवरा हिंजवडीत आयटीत असावा, गळ्यातलं आयकार्ड शनिवारीही तसंच. मोबाइलवर त्याने पोर्टलवरचे काही फ्लॅट निवडून ठेवले होते. बायको शेजारच्या खुर्चीत बसली आणि तिने एकेक करून विचारायला सुरुवात केली. पाणी महापालिकेचं की टँकरचं? पार्किंग कव्हर्ड का? मेन्टेनन्स किती? भोगवटा प्रमाणपत्र आलंय का? बेडरूमला दुपारचं ऊन येतं का? चहा यायच्या आत तिने निम्मी यादी कापली. नवऱ्याने स्विमिंग पूलचा विषय काढला, तर ती म्हणाली, "त्यात भरणार काय?"

ऑफिसात सगळे हसले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पिंपरी-चिंचवड महापालिकेचं पाणी 2019च्या नोव्हेंबरात दिवसाआड झालं. या भागात सोसायटीच्या मेन्टेनन्समध्ये टँकरचा खर्च किती, यावर घर घ्यायचं की नाही हे ठरतं. मी मालकांची फिल्टरची यादी काढून त्या बाईंच्या प्रश्नांशेजारी ठेवली. दोन्हींत सामाईक असं काहीच नव्हतं. लोक घर निवडतात त्याआधी घरं नाकारतात, आणि नाकारायला जी माहिती लागते तीच जाहिरातीत नसते. सर्चचं काम मुख्यतः या नकाराला मदत करण्याचं आहे, असं माझं मत त्या दुपारी पक्कं झालं.

पण खरी गंमत पुढे होती. त्यांचा जुना एक्सेल मी उघडला. क्षेत्रफळाचा एकच रकाना, आणि त्यात कुठे कार्पेट, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, तर कुठे सेलेबल, म्हणजे त्यात जिना-लॉबीसारख्या सामाईक जागेचा वाटा मिळवून फुगवलेला आकडा. रेराच्या, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या 2016च्या कायद्याने कार्पेटची व्याख्या बांधून दिली आहे: आतल्या भिंतींसकट वापरातली जागा धरायची, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि टेरेस सोडून द्यायचे. नव्या प्रकल्पांचे आकडे त्याप्रमाणे. रिसेलवाले, म्हणजे जुनी घरं विकणारे, मात्र अजून "अकराशेचा टू बीएचके" असंच सांगतात, लोडिंग (तो सामाईक वाटा) धरून. समजा फ्लॅट 88 लाखांचा. 1100 सेलेबलवर भाव फुटाला 8,000 दिसतो. कार्पेट 750 असेल तर तोच 11,700च्या पुढे. म्हणजे 'कमी भाव आधी' असं लावलं की जे सेलेबल लिहितात त्यांचे फ्लॅट वर आणि जे सरळ कार्पेट लिहितात त्यांचे खाली. आम्ही ठरवलं, कार्पेट नसेल तर फुटाचा भाव दाखवायचाच नाही आणि त्या क्रमात तो फ्लॅट घ्यायचा नाही. एजंट मंडळींनी दोन दिवस कुरकुर केली आणि मग टेप घेऊन मोजायला निघाली.

मालकांशी वाद झाला तो नकाशावरून. घेणाऱ्याला इमारत नेमकी कुठे ते हवं असतं. "पिन टाकली की गिऱ्हाईक थेट वॉचमनकडे जातं, मग फ्लॅटमालकाकडे, आणि आमची दलाली गेली," हे त्यांचं म्हणणं. रिसेलला ती भीती खरी आहे. एजंटने चावी आणून, चार वेळा घर दाखवून काम केलेलं असतं. नव्या प्रकल्पात दलाली बिल्डर देतो, तिथे लपवण्यासारखं काही नाही. शिवाय 1 ऑगस्ट 2023पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा (रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचा) क्यूआर कोड लागतोच, तो स्कॅन केला की प्रकल्पाची सगळी माहिती समोर. त्यामुळे नव्या प्रकल्पाला नेमकी पिन, महारेराचा नोंदणी क्रमांक आणि कोड नसेल तर एजंटचा फ्लॅट टाकायचा फॉर्म पुढेच जाणार नाही. रिसेलला पाचशे मीटरचं वर्तुळ, आणि जुन्या इमारतींना क्रमांकच नसल्याने तो रकाना दिसणारच नाही. यावर साहेब कबूल झाले.

लागलेल्या फ्लॅटचं मात्र त्यांना पटेना. शेवटी तडजोड अशी झाली: एजंटला दर पंधरा दिवसांनी व्हॉट्सॲपवर विचारणा जाते, त्याने 'आहे' कळवलं नाही तर फ्लॅट यादीतून उतरतो. पण त्याचं पान जिवंत राहतं, कारण कुणीतरी ते महिन्यापूर्वी सासूबाईंना पाठवलेलं असतं. त्यावर मोठ्या अक्षरात 'लागला' आणि खाली त्याच परिसरातले, त्याच बजेटचे तीन. ताईचं तोंडचं वाक्यच पानावर आलं, फक्त फोन करायच्या आधी.

पाण्याचा रकाना सक्तीचा केला. पहिल्या आठवड्यात एका पठ्ठ्याने आपल्या सगळ्या फ्लॅटना 'भरपूर' लिहिलं. मग मोकळी जागा काढून तिथे चारच पर्याय ठेवले: महापालिका, बोअर, टँकर, आणि मिश्र. मिश्र निवडलं की मेन्टेनन्सचा आकडा भरल्याशिवाय फॉर्म सेव्ह होत नाही.