आमची वाटचाल: नळांच्या यादीचा धंदा

आमची कंपनी म्हणजे मी, माझी बायको आणि ओरेगनमधल्या बीव्हरटनच्या घराचं गॅरेज. घरगुती बिअरच्या नळांची यादी टीव्हीवर दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. नळाचा क्रमांक, बिअरचं नाव, एबीव्ही (अल्कोहोलचं प्रमाण), आयबीयू (कडूपणाचं माप), एसआरएम या मापाने रंग आणि केगमध्ये, म्हणजे बिअरच्या पिंपात, उरलेला माल. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन बिअर करमुक्त करता येते, म्हणजे पाच गॅलनी कॉर्नी केग (घरगुती बिअरवाल्यांची स्टीलची उभी पिंपं) चाळीस. एवढा हिशोब खडूच्या फळ्यावर राहत नाही, हे चार नळांचा कीझर (फ्रीझरला नळ बसवून केलेलं बिअरचं कपाट) असणाऱ्याला सांगायला नको.

2012 मध्ये 35 डॉलरचा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आला म्हणून हा धंदा उभा राहिला. खरी कसरत फ्लो मीटरची, म्हणजे नळीतून किती बिअर गेली ते मोजणाऱ्या यंत्राची. आतलं इवलंसं चक्र फिरतं, हॉल सेन्सर (चुंबकावरून फिरणं ओळखणारा) पल्स म्हणजे विजेचे ठोके देतो, त्या मोजून किती पिंट बिअर ओतली ते काढायचं. पाण्यावर आकडा चोख येतो. बिअरमध्ये फेस झाला की चक्र सुसाट सुटतं आणि भरलेला केग यादीत अर्धा दिसतो. यातून आम्हाला सोडवलं आमच्या पहिल्या ग्राहकाने. निवृत्त वेल्डर. प्रत्येक ग्लास आधी रिकामा, मग भरून वजनकाट्यावर ठेवायचा, वजनासमोर पल्स लिहायच्या, आणि वहीची पानं आम्हाला पाठवायची. त्या पानांवरूनच नियम बसला: नळातून बिअर वाहूच शकणार नाही इतक्या वेगाने पल्स आल्या तर तो फेस, तो धरायचा नाही.

मग एक प्रतिस्पर्धी आला. गुंतवणूकदारांचा पैसा, चकचकीत अ‍ॅप, आणि सगळं फुकट. डावीकडे नळाचा गोल, उजवीकडे उतरत जाणारा केग, ही आमची मांडणी जशीच्या तशी उचलली. होमब्रू क्लबांतले (घरी बिअर बनवणाऱ्यांच्या मंडळांतले) आमचे लोक तिकडे गेले. ज्यांची बिघडलेली एसडी कार्डं मी रात्री फोनवर बसून दुरुस्त करून दिली होती, तेही गेले. घर बायकोच्या पगारावर चाललं. सगळे म्हणत होते, गुंडाळ आता, नोकरी धर. त्याच दिवसांत त्या वेल्डरने, घरी दोनच नळ असताना, सहा फ्लो मीटर मागवले आणि पैसे आगाऊ भरले. कशाला हवेत, हे मी विचारलं नाही.

पुढे त्या फुकटवाल्यांनी एका ई-मेलवर सर्व्हर बंद केले. घरोघरचे पडदे कोरे झाले, लोकांच्या रेसिपींच्या नोंदी गेल्या. आमची यादी घरातल्याच रास्पबेरी पायवर चालते, इंटरनेट नसलं तरी दिसते, हे आम्ही घसा फोडून सांगत होतो. परत आले त्यांना जुन्याच दरात घेतलं. पण मांडणी आमची होती, हे आजवर एकानेही कबूल केलेलं नाही. ते मी विसरणार नाही.

त्यानंतर धंदा बरा चालला आहे.

नव्यांना काही गोष्टी सांगतो. रास्पबेरी पाय केगेरेटरच्या (केग ठेवायच्या फ्रिजच्या) आत ठेवू नका, दव धरून बोर्ड जातो. केगमध्ये 12 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब असेल तर नळापर्यंतची 3/16 इंची नळी दहा फूट तरी घ्या. नळी आखूड ठेवून फेसाचं खापर मीटरवर फोडू नका. आणि एफजी (आंबून झाल्यावरची बिअरची घनता) मोजल्याशिवाय एबीव्ही लिहू नका, पाहुण्याला गाडी चालवत घरी जायचं असतं. आमच्या नव्या आवृत्तीत एफजीचा रकाना रिकामा असेल तर एबीव्ही दिसतच नाही. त्यावर तक्रारी येतात. ते बदलणार नाही.