मध्यमातला तंबोरा

शुक्रवार, रात्री सव्वाअकरा

आज पोचायला उशीर झाला. ऑफिसमधून निघतानाच सात वाजत आले होते, त्यात अलका चौकात दोन सिग्नल गेले. पेठेतल्या त्या छोट्या हॉलच्या पायऱ्या चढले तेव्हा गाणं सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. खुर्च्या सगळ्या भरलेल्या. दाराशी उभ्या असलेल्या मुलाने खूण करून मला स्टेजच्या बाजूला नेलं आणि भिंतीलगतच्या सतरंजीवर बसवलं. स्पीकर माझ्या पुढे होता, तोंड पलीकडे करून.

इतकी वर्षं गाणं ऐकतेय, पण स्पीकरच्या मागे बसून कधी ऐकलं नव्हतं. त्या हॉलमध्ये समोर काय ऐकू येतं ते मला चांगलं ठाऊक आहे. डग्गा घुमत राहतो, पेटी गळ्यावर चढते आणि तंबोरा फक्त दिसतो. आज तंबोरा माझ्यापासून चार हातांवर होता. वाजवणारी मुलगी कॉलेजातली असावी. डोळे मिटून, मान खुंट्यांकडे किंचित झुकवून बसली होती. तिची बोटं तारांवर आघात करत नव्हती, नुसती टेकून सुटत होती. पंचम, जोडीचे दोन षड्ज, मग खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. खर्जाची तार सुटली की तिच्यातून हळूहळू गंधार वर येतो असं पुस्तकात वाचलं होतं. आज तो कानाने ऐकला. आधी वाटलं गायकच हलकेच गंधार लावतोय. त्याच्याकडे पाहिलं तर तो पाणी पीत होता.

शुद्ध कल्याण राग चालला होता. गायक तिशीच्या आतला. षड्जावरून धैवताकडे उतरताना मधला निषाद मींडेतच, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातानाच, ठेवायचा असतो, त्यावर उभं राहायचं नाही. तो मुलगा इतक्या हळुवारपणे तिथून गेला की निषाद लागला की भासला हे सांगता येऊ नये. असा स्वर माईकमधून फिरून येतो तेव्हा एक तर ठळक होतो, नाही तर गायब होतो. आज तो जसा गळ्यातून निघाला तसाच माझ्यापर्यंत आला. त्याच्या श्वासासकट. मींड घेण्याआधी तो खांदे सैल सोडत होता, तेसुद्धा ऐकू येत होतं म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही. सदऱ्याची सळसळ होती ती.

संपल्यावर काका भेटले. नेहमीचे, पहिल्या रांगेत डावीकडचे, राग-ताल-बंदिश वहीत टिपून ठेवणारे.

"काय गं, आज आडोशाला?"

"काका, आज तंबोरा ऐकला."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग वही पिशवीत टाकत म्हणाले, "त्याच्याजवळ बसायची सवय लागली ना, की मग समोर करमत नाही. सांभाळ."

रविवार, दुपारी

कालपासून आत्याची आठवण येतेय.

मी नववीत असताना ती मला पहिल्यांदा 'सवाई'ला, म्हणजे सवाई गंधर्व महोत्सवाला, घेऊन गेली. रमणबागेचं मैदान, भारतीय बैठकीचं तिकीट, दोन शाली, चटई आणि कॉफीचा थर्मास. डिसेंबरची थंडी. त्या काळी गाणं रात्रभर चालायचं. बाराच्या सुमाराला मला डुलकी यायला लागली तशी आत्याने मला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "झोपलीस तरी चालेल, कान उघडे ठेव." दोन-अडीचला जाग आली तेव्हा स्टेजवर कुणी वेगळंच बसलं होतं आणि मांडवात हजारो माणसं असून खोकल्याचाही आवाज नव्हता. राग कोणता ते तेव्हा कळलं नाही. आत्या कानाशी येऊन म्हणाली, "मालकंस." तो शब्द मी आधी रेडिओवर ऐकला होता, पण रागाचं नाव माझ्यासाठी खरं झालं ते त्या रात्री. पुढे कितीतरी वेळा मालकंस ऐकला. तसा मात्र पुन्हा नाही.

रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, १९५२ च्या सप्टेंबरात गेले आणि पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. कित्येक वर्षं तो रात्र सरून उजाडेपर्यंत चालत राहिला. मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले: रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही. वर्षातले फार तर पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या शेजारच्या आजींना गणपतीत जे सोसावं लागतं ते मी पाहते. पण रात्रीचा तिसरा प्रहर त्या नियमाबरोबर मांडवातून गेला. बारा ते तीनची ती वेळ ज्या रागांची आहे, ते आता रात्री नऊला गायले जातात. गाणारा मन लावून गातो, ऐकणारेही मन लावून ऐकतात, पण बाहेर रस्त्यावर अजून रिक्षा धावत असतात आणि निम्म्या लोकांचं जेवण व्हायचं असतं.

आता महोत्सव मुकुंदनगरला होतो. मांडव मोठा, पडदे मोठे. मी दर वर्षी जाते. सगळं संपल्यावर सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी येतंच. अख्खा राग तीन-सव्वातीन मिनिटांत बसवावा लागायचा त्या काळी, तबकडीच्या एका बाजूला तेवढीच जागा. मोठमोठ्या स्पीकरमधून तो बारीक, खरखरीतला आवाज येतो आणि गच्च भरलेला मांडव जागचा हलत नाही.

आत्या असती तर तिला शुक्रवारचं सांगितलं असतं. कान उघडे होते म्हणून.

बुधवार

काकांचा फोन. शनिवारी कोथरूडला एका घरी बैठक आहे, येशील का. गाणारी बाई, मालकंस मांडणार आहे. "आणि हे बघ, माईक नाही. सुरुवात साडेदहाला."

मी विचारलं, "साडेदहाला सुरुवात?"

"नियम ध्वनिक्षेपकाला आहे बाळा, गळ्याला नाही. खिडक्या लावून घेऊ, वरच्या-खालच्या बिऱ्हाडांना सांगून ठेवलंय. खालचे तर स्वतःच येतायत."

मग बराच वेळ बोलत राहिले. म्हणाले, याच पेठांत भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली भारत गायन समाज काढला, दोनच वर्षांनी अब्दुल करीम खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केलं. तेव्हा कुठे होता माईक? बालगंधर्व ऐन भरात होते तेव्हाही शेवटच्या रांगेतला माणूस पद ऐकूनच घरी जायचा. गळे तसे घडवलेले असायचे आणि लोकही तसे बसायचे.

'लोकही तसे बसायचे' हे वाक्य दिवसभर डोक्यात राहिलं.

रविवार, पहाटे अडीच

झोप येणार नाही, म्हणून लिहूनच काढते.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. हॉलमधला सोफा आतल्या खोलीत उभा करून ठेवलेला, जमिनीवर सतरंज्या आणि त्यांवर पांढऱ्या चादरी. पंचवीस-तीस माणसं. खिडक्या बंद, पंखा बंद. माघ असल्यामुळे ते चाललं, तरी माणसांच्या उबेने खोली लवकरच गरम झाली. भिंतीवरचं घड्याळ घरच्या वहिनींनी आधीच उतरवून कपाटात ठेवलं होतं, त्याची टिकटिक मध्ये येते म्हणून. तंबोरे लागत असताना गाणाऱ्या ताई मधेच थांबल्या, मान वळवून ऐकत राहिल्या. सगळे गप्प. मग त्या संकोचून म्हणाल्या, "वहिनी, फ्रिज थोडा वेळ बंद करता येईल का? षड्जाला घासतोय." वहिनी लगबगीने उठल्या. फ्रिज थांबला तेव्हा कळलं की तो इतका वेळ बोलत होता. त्यानंतरची शांतता वेगळीच होती. खोली एका बोटाने खाली उतरल्यासारखी वाटली.

सुरुवातीला बिहाग झाला, पाऊण तास. छान झाला, पण त्याच्याबद्दल आज लिहीत नाही.

बिहागानंतर त्यांनी चहा घेतला नाही. दोन्ही तंबोरे पुढे ओढले. मोठा तंबोरा मिरजेचा, त्यांच्या गुरूंकडून आलेला, भोपळ्यावरचं पॉलिश हाताच्या जागी उडालेलं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी बातमी वाचून कात्रण ठेवलं होतं. आज ती कारागिरी हातभर अंतरावर होती. ताईंनी पहिल्या तारेची खुंटी हळूच उलटी फिरवली. पंचम खाली सरकायला लागला. मालकंसात पंचम नसतो आणि रिषभही नसतो, म्हणून पहिली तार मध्यमाला, म्हणजे 'म'ला, आणतात. हे मला माहीत होतं. पण खोलीतल्या प्रत्येकाच्या कानासमोर तो स्वर पंचमावरून सुटून, बेसूर प्रदेशातून वाट काढत मध्यमावर येऊन टेकतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. खुंटीनंतर मणी. घोडीच्या खालचा तो इवलासा मणी त्यांनी अंगठ्याने केसभर सरकवला. मग घोडीवर तारेखालचा दोरा जरा पुढे, जरा मागे. जवारी, म्हणजे तारेचा तो घुमारा, खुलली आणि तार एकदम प्रकाश पडावा तशी झाली. माझ्या शेजारच्या तरुण मुलाने श्वास सोडला. स्टेजवर हे सगळं पडद्यामागे उरकतात, किंवा लोक त्या वेळात मोबाइल बघून घेतात. आज पाच-सात मिनिटं कुणीही हललं नाही. मैफल तिथेच सुरू झाली होती.

घड्याळ कपाटात, पण बारा वाजून गेले असणार.

पहिला षड्ज त्यांनी खूप लहान लावला. ओठ जेमतेम उघडले. माईक असता तर तो आवाज उचलून मोठा करावा लागला असता. इथे तो तंबोऱ्यातूनच उगवला आणि कुठे तंबोरा संपला, कुठे गळा सुरू झाला ते समजलं नाही. खालचा कोमल निषाद, कोमल धैवत, पुन्हा षड्ज. बराच वेळ एवढंच. मध्यमाला हातच लावेनात. तंबोरा 'मध्यम, मध्यम' म्हणतोय, आपण सगळे त्याची वाट बघतोय, आणि ताई गंधारापर्यंत येऊन परत फिरतायत. असं तीनदा झालं. चौथ्यांदा गंधारावरून मींडेने मध्यमावर आल्या आणि तिथे थांबल्या, तेव्हा गळ्याचा मध्यम आणि तारेचा मध्यम इतके एक झाले की माझ्या छातीच्या हाडात काहीतरी थरथरलं. काका माझ्या पुढे बसले होते. त्यांनी दाद दिली नाही. नुसती मान खाली घातली.

दादेबद्दल लिहायचं राहील. मोठ्या सभागृहात आपण टाळ्या वाजवतो, कारण अंधारातून गायकापर्यंत दुसरं काही पोचतच नाही. इथे टाळी एकदाही वाजली नाही. एखाद्या जागेला कुणी 'अहाहा' म्हणायचं, कुणाचा हात आपोआप उघडायचा, आणि ताई ते बघून ती जागा पुन्हा, थोडी वेगळी करून घ्यायच्या. विलंबित एकतालात एकदा त्या मुखड्याला इतक्या उशिरा वळल्या की आता सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, हुकणार असं वाटून माझ्या पोटात गोळा आला. तबल्यावरच्या दादांनी हसून ठेका किंचितही न हलवता त्यांच्याकडे पाहिलं. समेवर दोघं एकत्र आले आणि अख्ख्या खोलीची मान पडली. माझ्या शेजारच्या मुलाचं कपाळ जवळपास गुडघ्याला टेकलं. ताईंनी ते पाहिलं. पुढचं आवर्तन त्याच्याकडे बघून गायल्या. तो मुलगा हे विसरणार नाही.

द्रुतातल्या तानांमध्ये एकदा आवाज फाटला, तार सप्तकातल्या गंधारावर. तोही ऐकला. त्या थांबल्या नाहीत, तिथूनच खाली येताना त्यांनी तो गंधार परत जाऊन नीट लावला आणि मग सोडला. मला तो दुसरा गंधार जास्त आवडला. आज पूर्ण मैफलीतला एक स्वर निवडायला सांगितला तर मी तोच निवडेन.

शेवटी भैरवी. वेळ कोणतीही असो, भैरवीने संपवायचं. मग मसाला दूध, हळू आवाजातल्या गप्पा. वहिनींनी फ्रिज सुरू केला तेव्हा सगळ्यांनी एकदम त्याच्याकडे वळून पाहिलं. मी ताईंच्या पाया पडले. त्या माझ्याहून वयाने लहान आहेत, गोंधळल्या, पण मला राहवलं नाही. आत्याचं सांगायचं होतं, रमणबागेतल्या मालकंसाचं. शब्द आले नाहीत. एवढंच म्हणाले, "खूप वर्षांनी मालकंस त्याच्या वेळेला ऐकला."

त्या म्हणाल्या, "मी तर पहिल्यांदाच गायले त्याच्या वेळेला."

निघताना तंबोरे खाली न्यायचे होते. तंबोऱ्यावर बसलेल्या मुलीच्या हातात एक होता, दुसरा मोठा कोण घेणार म्हणून सगळे इकडेतिकडे बघत असताना ताईंनी तो माझ्याकडे दिला. "भोपळा सांभाळा, बाकी काही नाही." गवसणीत घातलेला, लहान मूल उचलावं तसा दोन्ही हातांत धरून मी तीन मजले उतरले. तारा उतरवल्या नव्हत्या. जिन्यात अंधार होता, प्रत्येक पायरीला गवसणीचं कापड तारांना घासत होतं आणि माझ्या छातीशी तो बारीक बोलत होता, अजून मध्यमातच.